रूपक, वाचक आणि नागरिक : ‘मूकनायक’पासून ‘स्पर्शज्ञान’पर्यंत

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. पांडुरंग नंदराम भटकर हे त्याचे संपादक होते आणि अंकाच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग बोधवचन म्हणून छापलेला असे. या पत्राविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्याच्या नावातील ‘मूक’ या शब्दाचा शब्दशः अर्थ घेऊन त्याच्याकडे पाहावे, असे अभ्यासकांना सहसा वाटलेले नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. येथील मूक माणसाला वाचा आहे. त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला कोणी तयार नाही, एवढेच. शब्द शरीराचा आणि अर्थ समाजव्यवस्थेचा, अशी ही योजना आहे. मराठीतील राजकीय जागृतीच्या एका थोर प्रकरणाची सुरुवात अशी अपंगत्वाच्या रूपकाने झाली. परंतु ज्याला प्रत्यक्षात बोलता येत नव्हते, तो मनुष्य त्या रूपकाच्या बाहेरच उभा राहिला. यात ‘मूकनायक’चा दोष शोधणे हास्यास्पद ठरेल. प्रश्न त्या पत्राचा नसून आपल्या भाषेच्या एका जुन्या सवयीचा आहे.

ही सवय संतसाहित्याइतकी जुनी आहे. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका ही सर्व मंडळी बोलतात, दान मागतात, श्रोत्यांना जागे करतात. पण त्यांचे आंधळेपण वा बहिरेपण हे संसारासक्त जीवाचे आहे. भारूड सादर करणारा सोंग आणतो तेव्हा श्रोत्यांना हसू येते ते देहाचे, आणि उपदेश मिळतो तो आत्म्याचा. आधुनिक राजकीय भाषेने अध्यात्म बाजूला ठेवले, सोंग मात्र ठेवून घेतले. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकला, त्या वेळी भिरकावलेल्या पत्रकाचा आरंभच बहिऱ्यांच्या कानी पडायचे तर आवाज मोठा हवा, या कल्पनेने होतो. ती कल्पना व्हेयाँ या फ्रेंच अराजकवाद्याकडून घेतलेली होती. आजही जंतरमंतरवर कोणत्याही पक्षाचे वा संघटनेचे धरणे असो, सरकार बहिरे असते, कायदा आंधळा असतो आणि धोरण पांगळे असते. गमतीचा भाग असा की, त्याच जंतरमंतरवर बधिर नागरिक सांकेतिक भाषेच्या मान्यतेसाठी बसतात तेव्हा ही घोषणा त्यांच्या काहीच उपयोगाची उरत नाही.

तुलनेसाठी अमेरिकेतील एक नियतकालिक पाहण्यासारखे आहे. न्यू जर्सीच्या बधिर-शाळेतून १८८८ पासून १९२९ पर्यंत ‘द सायलेंट वर्कर’ निघत असे. म्हणजे ‘मूकनायक’ निघाला तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला त्याच अर्थाच्या नावाचे एक पत्र चालू होते. मात्र तेथील मौन शब्दशः होते. बधिर मुद्रक ते जुळवीत, बधिर कुटुंबे ते वाचीत आणि शाळांमध्ये सांकेतिक भाषा ठेवावी की नाही यावर त्यात वाद झडत. दोन्ही पत्रे आपापल्या समूहाला राजकीय भान देणारी आहेत. परंतु एकात अपंगत्व ही उपमा आहे, दुसऱ्यात ते वाचकाचे दैनंदिन जीवन आहे. अपंगांची नियतकालिके राजकीय सामर्थ्य निर्माण करतात म्हणजे नेमके काय करतात, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर या दोहोंमधील अंतरात शोधावे लागेल असे मला वाटते.

मराठी अभ्यासक या प्रश्नाकडे वळतो तेव्हा दलित साहित्याची चौकट त्याच्या हाताशी आयती असते. स्वानुभव, नकार, वेदना आणि विद्रोह ही परिभाषा १९६० नंतरच्या चर्चेत घासूनपुसून तयार झालेली आहे. ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकाने लेखकांची पिढी घडविली, हेही आपण जाणतो. त्यामुळे अपंगांच्या लेखनालाही तीच मापे लावण्याचा मोह होतो. तो काही अंशी रास्तही आहे. कोणी कोणाविषयी बोलावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच धारदार आहे.

एका ठिकाणी मात्र ही चौकट अपुरी पडते. जातीचा अनुभव कुटुंबातून, वस्तीतून, पिढ्यांमधून येतो. मूल ज्या घरात जन्मते ते घरच त्या अनुभवाचे असते. समूह आधी असतो आणि पत्र नंतर येते. अपंग मुलाचे बहुधा उलट असते. घरात तेच एकटे अपंग. आईवडिलांना त्याच्याविषयी माया असते, पण त्याचा अनुभव नसतो. अंधशाळा वा बधिरशाळा मिळाली तर समूह भेटतो. न मिळाली तर शेजारच्या तालुक्यात आपल्यासारखा दुसरा कोणी आहे हे कळायलाही मार्ग नसतो. येथे पुष्कळदा पत्र आधी येते आणि समूह त्याच्यामागून आकार घेतो. म्हणूनच नियतकालिकाचा प्रश्न अपंगांच्या बाबतीत केवळ प्रसाराचा राहत नाही.

दिल्लीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९८० च्या मार्चमध्ये राजधानीत दृष्टिहीन निदर्शकांवर पोलिसांनी लाठीमार केला आणि त्याचे पडसाद संसदेत उमटले. हे निदर्शक रोजगार मागत होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांना मात्र त्यांची मागणी कमी आणि त्यांची असहायता अधिक दिसली. छायाचित्राने सहानुभूती मिळवून दिली, पण युक्तिवाद झाकला. पुढे १९९० च्या दशकात जावेद अबिदी यांच्या नेतृत्वाखाली डिसेबल्ड राइट्स ग्रुपने जे राजकारण उभे केले, त्यात हा धडा गिरवलेला दिसतो. अबिदी स्वतः चाकाची खुर्ची वापरीत आणि त्यांचे शिक्षण पत्रकारितेचे होते. हा योगायोग नोंदवून ठेवावा असा आहे. १९९५ च्या डिसेंबरात संसदेपुढे निदर्शने झाली, त्याच महिन्यात अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा संमत झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच विचारला गेला नव्हता. २००१ मध्ये तो विचारावा यासाठी याच मंडळींना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. त्या गणनेत २.१९ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, २०११ मध्ये २.६८ कोटी. २००३ पासून अबिदींच्या संस्थेने अपंगविषयक बातम्यांची एक स्वतंत्र इंग्रजी वृत्तसेवाही चालविली.

या दिल्लीकर वृत्तव्यवहाराचा संबोध्य कोण, असा साहित्यसमीक्षेतला प्रश्न विचारला की त्याचे बळ आणि मर्यादा एकदमच दिसतात. तो मंत्रालयातील सचिवाशी, खासदाराशी, न्यायमूर्तीशी आणि इंग्रजी वृत्तपत्राच्या बातमीदाराशी बोलतो. त्याची भाषा याचिकेची आहे: कलम, मुदत, अंमलबजावणी. परिणामाच्या दृष्टीने तो कमालीचा यशस्वी ठरला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली; २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. पण शिरूर किंवा परंड्याच्या दृष्टिहीन तरुणाने हा मजकूर वाचला नाही. त्याच्या वतीने तो वाचला गेला. हक्क त्याचे होते, वाक्ये त्याची नव्हती.

आता मराठीकडे येऊ. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी मुंबईहून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केले. थोरात डोळस, नाट्यदिग्दर्शक आणि पत्रकार. दृष्टिहीन कलावंतांना घेऊन त्यांनी नाटक बसविले होते, त्यातून हा संबंध वाढत गेला. पत्राच्या प्रती लाखांत कधीच नव्हत्या, शेकड्यांत होत्या. पण अंधशाळांत आणि वसतिगृहांत एक प्रत हातोहाती फिरे. अंधांच्या वाङ्मयाला टपालहशील माफ ठेवण्याची जुनी सवलत नसती तर असे पत्र चाललेच नसते, कारण ब्रेलची जाड पाने आणि उठावाचे ठिपके यांमुळे छापील मजकुराचा छोटा अंकही भलामोठा होतो.

स्वानुभवाच्या कसोटीवर ‘स्पर्शज्ञान’ अर्थातच उणे ठरेल. संपादक डोळस आहे. शिवाय पत्राचा बराचसा मजकूर अपंगत्वाविषयी नव्हताच: राजकारण, आंतरराष्ट्रीय घडामोडी, आरोग्य, संगीत, खाद्यपदार्थ असा तो सर्वसाधारण पाक्षिकाचा मजकूर होता. हक्कांच्या चळवळीतील एखाद्या कार्यकर्त्याला तो बेचव वाटेल. माझ्या मते मात्र या पत्राचे राजकीय महत्त्व नेमके येथेच आहे, आणि ते समजण्यासाठी दृष्टिहीन माणसाच्या वाचनाचा व्यवहार कसा चालतो हे ध्यानात घ्यावे लागते.

दृष्टिहीन माणसाला वर्तमानपत्र ‘वाचून दाखवले’ जाते. मराठीतील हा प्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे. वाचून दाखवणारा भाऊ, बहीण, मित्र, स्वयंसेवक कोणीही असो, तो निवड करतो. मथळे वाचतो, अग्रलेख सोडतो. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या पक्षाची बातमी सावकाश आणि दुसऱ्याची घाईने वाचतो. कंटाळला की थांबतो. ऐकणाऱ्याला ‘ते पुन्हा वाच’ म्हणायचा संकोच वाटतो; एखाद्या नाजूक विषयावरचे सदर वाचायला सांगणे तर दूरच. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. परंतु दुसऱ्याच्या डोळ्यांनी आणि दुसऱ्याच्या सवडीने आलेले मत कितपत आपले, हा प्रश्न राहतोच. बोटाखाली पाक्षिक आले की वाचक मागे जातो, पुढे जातो, रात्री दिवा न लावता वाचतो आणि आपण काय वाचतो हे कोणाला सांगावे लागत नाही.

या खासगीपणाला मतदानकेंद्रात समांतर गोष्ट आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांतील ४९-न हा नियम दृष्टिहीन किंवा दुर्बल मतदाराला सोबती नेण्याची मुभा देतो. सोबत्याने मताची गुप्तता राखण्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. म्हणजे कायद्याने गुप्त असलेले मत निदान दोघांना ठाऊक असते. २००४ मध्ये आंध्र प्रदेशातील आसिफनगरच्या पोटनिवडणुकीत मतदानयंत्रावर ब्रेल अंक बसवून पाहण्यात आले आणि २००९ च्या लोकसभा निवडणुकीपासून ही सोय सर्वत्र करण्यात आली. मतदाराला उमेदवारांची ब्रेल यादी द्यायची, त्याने क्रमांक लक्षात ठेवायचा आणि यंत्रावरील त्या क्रमांकाचे बटण दाबायचे, अशी ही रीत आहे. ‘स्पर्शज्ञान’ एक वर्ष आधी निघाले, हा योगायोगच. पण दोन्ही घटना एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. सोबत्याविना मत देणे हे सोबत्याविना मत बनविण्याचे पुढचे पाऊल होय. ज्याला ब्रेल वाचण्याची सवय राहिलेली नाही त्याला मतदानकेंद्रातील ती यादी म्हणजे नुसते ठिपके आहेत. सवय रोजच्या वाचनाने राहते, आणि तिच्यासाठी क्रमिक पुस्तकापलीकडचे काहीतरी हवे असते, ज्याची पुढच्या अंकासाठी वाट पाहावी असे काहीतरी.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांसाठी येथे आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९५१ मध्ये निश्चित झालेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतील समान ध्वनीला समान ठिपके आहेत. डोळ्यांना मराठी, गुजराती, बंगाली आणि तमिळ यांच्या लिप्या परक्या दिसतात. बोटांना ‘क’ सर्वत्र ‘क’च लागतो. शिवाय देवनागरीत ‘कि’ लिहिताना व्यंजनाआधी काढली जाणारी वेलांटी ब्रेलमध्ये उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. मराठी ब्रेल जाणणारा वाचक गुजराती पान हातात आले तर ते उच्चारू तरी शकतो, आणि अर्थाचाही बराच माग काढू शकतो. लिपिभेदावर एवढे राजकारण झालेल्या देशात एकलिपीचे स्वप्न फक्त ब्रेलच्या वाचकाला साध्य झाले आहे, आणि त्याच्या हाती त्या लिपीतील पुस्तके मात्र मोजकीच आहेत.

बधिरांची गोष्ट याहून वेगळी आहे. तिच्यासाठी स्वतंत्र निबंध हवा. सांकेतिक भाषा ज्याची पहिली भाषा आहे त्याला छापील मराठी ही दुसरी, शिकून घेतलेली भाषा असते. त्याचे नियतकालिक कागदावर नव्हे, चित्रफितीतच संभवते. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाले. ‘मूक’ शब्दाचे रूपकात्मक वजन मराठीत एवढे आहे की, ज्याच्या हातात एक संपूर्ण व्याकरणशुद्ध भाषा आहे त्यालाही आपण सहजपणे मुका म्हणतो.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर ‘दिव्यांग’कडे दुर्लक्ष करता येत नाही. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात हा शब्द सुचविला. पुढच्या वर्षी केंद्रातील खात्याच्या नावात तो आला आणि महाराष्ट्र शासनाच्या मराठीतही रूढ झाला. दिल्लीतील अनेक अपंग-हक्क संघटनांनी त्यास आक्षेप घेतला. प्रस्तुत लेखक ‘अपंग’ हाच शब्द वापरतो, याचे कारण शैलीचे नाही. ‘अपंग’ या शब्दात उणेपणाची छटा आहे हे खरे, परंतु उणेपणाचे उत्तरदायित्व समाजावर टाकता येते: जिन्याने मला अपंग केले, असे वाक्य मराठीत उभे राहते. जिन्याने मला दिव्यांग केले, असे म्हणून पाहावे. दिव्यत्वाचा जाब कोणाकडे मागणार? एकनाथी भारुडातला रूपकाचा प्रवास येथे उलट दिशेने झालेला दिसतो. तेव्हा देहाचे उणेपण आत्म्याला लावले होते, आता आत्म्याचे वैभव देहाला चिकटवले आहे. देह दोन्हीकडे नजरेआडच.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर दिलेला निकाल या संदर्भात समीक्षकांनीही वाचावा. एका हिंदी चित्रपटातील अपंगांच्या चित्रणासंबंधी ही याचिका होती. अपंगांना हीन लेखणारा विनोद आणि अपंगत्वाची समज वाढविणारा विनोद यांत न्यायालयाने भेद केला, आणि अपंगांच्या चित्रणात त्यांचा सहभाग असावा असे म्हटले. साहित्यविचारात आपण ज्याला दृष्टिकोन किंवा निवेदकाचे स्थान म्हणतो, त्याची चर्चा न्यायालयाच्या पानांवर झाली. मराठी समीक्षेत ती अद्याप तुरळकच आहे.

मराठीत त्याऐवजी फोफावली ती जिद्दकथा. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाचे स्वागत प्रामुख्याने जिद्दीची कहाणी म्हणून झाले. हे पुस्तक जरा सावकाश वाचले तर त्यात जिद्दीपेक्षा जिने, नोकरीचे नियम, संस्थांतर्गत मतभेद आणि निधीची जमवाजमव यांनाच अधिक जागा आहे. ते एका संघटकाचे लेखन आहे. सोनाली नवांगुळ यांनी सलमा यांच्या तमिळ कादंबरीचा ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ हा अनुवाद केला आणि त्यास साहित्य अकादमीचा २०२० चा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्या चाकाची खुर्ची वापरतात. अशा पुरस्काराचे वृत्त देताना ‘जिद्द’ शब्द टाळणे आपल्या वृत्तपत्री मराठीला फार जड जाते, आणि मग तमिळ मुस्लिम स्त्रियांची बंद घरातली बोली मराठीत कशी आणली, हा अनुवादाचा खरा प्रश्न विचारायचा राहून जातो. जिद्दकथेचा संबोध्य अपंग वाचक नसतोच. ती धडधाकट वाचकाला सकाळच्या चहाबरोबर उभारी देते.

म्हणून लेखक कोण, या प्रश्नाइतकाच वाचक कोण, हा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो. आणि तो विचारला की उत्तर आपल्याच टेबलापर्यंत येऊन पोहोचते. आज ब्रेलपेक्षा अधिक दृष्टिहीन विद्यार्थी संगणकावरील वाचक-प्रणालीने वाचतात. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात अपंगांसाठी पुस्तकांची सुगम रूपे करण्याची मोकळीक दिली. मराकेश करारास २४ जून २०१४ रोजी सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता. ‘सुगम्य पुस्तकालय’ ही संगणकीय ग्रंथशाळा २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. कायद्याच्या बाजूने उणे फारसे राहिलेले नाही. अडते ते अक्षराशी. मराठी प्रकाशनव्यवहाराने अनेक दशके श्रीलिपी, आकृती यांसारख्या टंकांत मजकूर जुळविला. त्या टंकांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर वा चिन्ह असते. डोळ्यांना ते शुद्ध मराठी; वाचक-प्रणाली ते वाचू लागली की निरर्थक आवाजांची माळ. युनिकोड आल्यालाही आता बराच काळ लोटला, तरी संशोधनग्रंथांची छपाई पुष्कळ ठिकाणी जुन्याच टंकांत चालते.

दिल्लीतील एका विद्यापीठात तुलनात्मक साहित्य शिकणाऱ्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीने माझ्या एका जुन्या लेखाची प्रत मागितली होती. प्रकाशकाकडून आलेली फाईल मी तशीच पाठवून दिली. दोन दिवसांनी तिचे उत्तर आले: सर, पहिल्या पानाचा फक्त पृष्ठक्रमांक वाचता आला. तो लेख दलित आत्मकथनांतील आवाजाविषयी होता. मी तो पुन्हा टंकलिखित करून घेतला. त्याला तीन आठवडे लागले, आणि तोवर तिच्या चर्चासत्राची तारीख उलटून गेली होती. हा निबंध संपादकांकडे युनिकोडमध्ये पाठविला आहे. छापखान्यातून तो कोणत्या टंकात बाहेर पडेल, हे ग्रंथ हाती आल्यावर तिच्याकडूनच विचारून घ्यायचे ठरविले आहे.